बांगडा, मॅकरल आणि वर्गीकरण

प्रश्न : मी फोंड्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. वर्गीकरण आम्ही शिकलो ते पुस्तके कपाटात लावण्यासाठी. आता वर्गीकरणावरील संशोधन बिग डेटा आणि लिंक्ड डेटा यांना जोडते, असे वाचनात येते. ते कसे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : समजा, गोव्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी आपण एकत्र केल्या. कुठे ‘बांगडा’ लिहिलेले असेल, कुठे कोंकणी ‘बांगडो’, कुठे ‘मॅकरल’, तर जुन्या पोर्तुगीज कागदात ‘कव्हाला’. संगणकाच्या लेखी हे चार निरनिराळे मासे होत. माहिती-विश्लेषक डग लेनी यांनी २००१ मध्ये प्रचंड माहितीची, म्हणजे बिग डेटाची, आकार, वेग आणि विविधता ही तीन लक्षणे सांगितली. त्यांतील पहिल्या दोहोंना यंत्रे पुरी पडतात, पण विविधतेपुढे कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशी एक मानायची, हे आधी माणसालाच ठरवावे लागते, आणि वर्गीकरणाचे काम नेमके हेच आहे.

लिंक्ड डेटाची तत्त्वे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये मांडली. प्रत्येक वस्तूला वा संकल्पनेला वेबवर स्वतःचा पत्ता द्यायचा आणि तो इतर पत्त्यांशी जोडायचा, हे त्यांचे सार. वर्गीकरणाच्या याद्या अशा पत्त्यांवर मांडता याव्यात म्हणून २००९ मध्ये ‘स्कॉस’ (SKOS) हे मानक आले. त्यात एका संकल्पनेला प्रत्येक भाषेत एक मुख्य नाव आणि हवी तितकी पर्यायी नावे देता येतात, तसेच तिच्याहून व्यापक संकल्पना कोणती हेही नोंदवता येते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘तंतोतंत जुळणारे’ आणि ‘जवळपास जुळणारे’ या दोन नात्यांमध्ये या मानकाने केलेली फारकत. आपल्या बांगड्याचे शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता; युरोपातील मॅकरल म्हणजे स्कॉम्बर या वेगळ्या प्रजातीतला मासा. नावावरून दोन्ही एकच ठरवले, तर लाखो नोंदींमध्ये ती चूक मुकाट्याने पसरेल, आणि नोंदी जितक्या अधिक तितकी ती शोधणे कठीण होईल.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू वेगळे करण्याची जी रीत आहे, तीही इथे उपयोगी पडते. ‘पावसाळ्यानंतर गोव्यातील बांगड्याची मासेमारी’ या विषयातील मासा, क्रिया, स्थळ आणि काळ सुटे केले, की प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता देता येतो. कपाटात पुस्तक एकाच जागी बसते. पत्त्यांच्या जाळ्यात ते चारही वाटांनी सापडते.

आपल्या ग्रंथालयात सुरुवात स्थळनामांपासून करावी. पणजी, पांजिम, पंजिम, आणि १८४३ मध्ये मिळालेले ‘नोव्हा गोवा’ ही नावे तालिकेत विखुरलेली असतील, तर ती एका संकल्पनेखाली आणावीत आणि कोणते नाव कोणत्या काळातले, हे प्रत्येकापुढे अवश्य नोंदवावे.