उत्प्रेरकाचं ‘पुनर्चक्रण’ होतं का?

प्रश्न असा आहे: ‘रिॲक्टरमधून गाळलेल्या उत्प्रेरककणांचे पुनर्चक्रण केले जाते’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि शब्द ‘पुनर्चक्रण’ की ‘पुनश्चक्रण’?

दुसरं आधी. संधिनियमाने ‘पुनश्चक्रण’, ‘पुनश्च’मध्येही तोच श आहे. पण ‘पुनर्चक्रण’ आता चांगलंच रुळलंय, त्यावर मी काट मारणार नाही.

खरी अडचण अर्थाची आहे. तेलशुद्धीकरणातलं फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग घ्या, म्हणजे जड तेलाचे मोठे रेणू उत्प्रेरकाने तोडून पेट्रोलसारखी हलकी इंधनं मिळवणं, १९४२पासून चालत आलेलं. उत्प्रेरकाचा कण साधारण ७० मायक्रॉनचा. तेलाच्या वाफेबरोबर तो उभ्या नळीतून वर जातो आणि काही सेकंदांतच कोकचा, म्हणजे काजळीसारख्या कार्बनचा, थर बसून मंदावतो. वर सायक्लोन नावाच्या, कण वेगळे करणाऱ्या पात्रात वाफ गरगरते, कण भिंतीकडे फेकले जातात आणि घसरत खाली येतात. त्यांना चिकटलेला तेलाचा अंश पाण्याच्या वाफेने काढून टाकतात. मग दुसऱ्या पात्रात, सुमारे ७०० अंश सेल्सिअसला, हवा सोडून कोक जाळतात. तापलेले कण पुन्हा नळीच्या तळाशी येतात आणि क्रॅकिंगला लागणारी उष्णताही तेच आणतात. यातलं कोक जाळणं म्हणजे ‘पुनरुज्जीवन’, आणि कणांचं अखंड फिरणं म्हणजे ‘अभिसरण’. रक्ताभिसरणातलंच. किती नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे!

तुमच्या वाक्यात मात्र कण गाळलेले आहेत. रॅनी निकेल या निकेलच्या उत्प्रेरकाचं तसंच असतं: द्रवात ढवळलेली बारीक पूड, हायड्रोजनेशन (पदार्थाला हायड्रोजन जोडणं) झालं की गाळायची आणि पुढच्या बॅचला घ्यायची. ही पूड कोरडी पडली तर हवेत आपोआप पेटते, म्हणून काही रचनांत फिल्टर रिॲक्टरच्या आतच बसवतात. पूड द्रवाबाहेर येतच नाही. इथे काही जाळलं जात नाही, कण अखंड फिरतही नाहीत. तेव्हा सरळ ‘पुनर्वापर’ लिहा. ‘पुनरुज्जीवन’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला प्रक्रियेत नसलेली एक पायरी दिसेल.

‘पुनर्चक्रण’ मी राखून ठेवेन ते निकामी उत्प्रेरकातलं प्लॅटिनम विरघळवून काढतात आणि त्यातून नवा उत्प्रेरक घडवतात त्यासाठी. तिथे जुना कण उरत नाही, फक्त धातू परत येतो.