ऊन वाढवलं कुणी, मजुरी बुडाली कुणाची

प्रश्न : ताई, मी सोलापूरला पूर्व भागात राहते, घरीच विड्या वळते. खोली पत्र्याची, एप्रिल-मे मध्ये दुपारी आत बसवत नाही. फॅन लावला की तंबाखू उडते आणि पान कडक होऊन फाटतंय, बंद केला की जीव घाबरा होतोय. हजार विड्यांना पहिल्यापेक्षा लई वेळ लागायलाय आणि पैसे तर हजारावरच मिळतात. पोरगी म्हणते क्लायमेट चेंज आहे, सगळ्या जगात होतंय. आमच्या घरात ना गाडी ना एसी, मग आम्हाला का भोगावं लागतंय? आणि मी करू काय?

उत्तर : ताई, पोरगी बरोबर बोलतेय, पण होतंय सगळ्या जगात तरी सोसावं सगळ्यांना सारखं लागत नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन, भारतात २ टन, आणि त्या २ टनात तुमच्यासारख्या घरांचा हिस्सा किरकोळच. २०२२ ला पाकिस्तानात पूर आला, ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला, १७०० च्या वर माणसं गेली, आणि जगाच्या धुरात त्या देशाचा वाटा १ टक्कापण नाही. त्याच वर्षी इजिप्तमध्ये झालेल्या जागतिक हवामान परिषदेत अशा नुकसानीसाठी वेगळा फंड काढायचं ठरलं, पण गरजेच्या मानाने पैसे फारच थोडे जमलेत, याचा मला खरंच राग येतो.

आपल्याकडंच बघा ना. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पाऊस नसला की जमिनीतली ओल ओढून घेते आणि पडायला लागला की एकदम ओतते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणेमध्ये, म्हणजे वापरायच्या पाण्याच्याही खाली गेलेलं (त्यात पाणी पिणाऱ्या उसाचाही हात आहे, ते आपलंच), आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरात माढा-मोहोळकडची गावं पाण्यात.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हजाराचं. महिन्याच्या पगारावरचा माणूस उन्हात हळू झाला तरी पगार तेवढाच येतो, तुमचा मात्र त्या दिवशीच कापला जातो, आणि याची नोंद कुठंच होत नाही. अहमदाबादला २०१० च्या उन्हाच्या लाटेत खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ ला शहराने उन्हापासून बचावाचा आराखडा केला. तिथल्याच ‘सेवा’ संघटनेने तुमच्यासारख्या कष्टकरी बायकांसाठी उन्हाचा विमा काढलाय, तापमान ठराविक आकड्याच्या वर गेलं की पैसे मिळतात, नुकसान सिद्ध करत बसावं लागत नाही. तुमच्या युनियनमध्ये हे मांडा, मजुरीच्या बोलणीत मांडा, एकट्या नको, गल्लीतल्या चार-पाचजणी मिळून जा.

तोवर घरात एवढं करा. पत्र्याला वरून पांढरा चुना मारा, चुन्यात थोडं फेविकॉल घातलं की टिकतो, आणि हे फेब्रुवारीतच उरका. जास्तीचं काम पहाटे, दुपारी अंग टाका. घाम फार जात असेल तर १ लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, थोडं थोडं पीत राहा. शेजारीपाजारी कुणाचं अंग भट्टीसारखं तापलं आणि बोलणं बरळल्यासारखं झालं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत अंगावर ओलं कापड आणि वारा घाला, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.