गाडीत ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) बसवल्यापासून रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते, काय करावं?

रेस वाढवली की शिट्टीचा सूर चढतो आणि सोडली की उतरतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे स्पीकर ठीक आहेत, आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्राचा आहे. दुकानदार लगेच 'नॉइज फिल्टर' गळ्यात मारेल, ते इतक्यात घेऊ नका. स्वस्तातला फिल्टर शिट्टीबरोबर बासही खातो.

अल्टरनेटर मुळात एसी करंट (सतत दिशा बदलणारा) बनवतो. आतले डायोड त्याचा डीसी (एकाच दिशेचा) करतात, पण थोडी लहर उरतेच, आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा सूर बदलतो. तुमच्या स्टिरिओचा अर्थ (गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी) डॅशबोर्डमागे, ॲम्पचा डिकीत. या दोन जागांमध्ये व्होल्टेजचा जरासा फरक पडला की करंट आरसीए वायरच्या (स्टिरिओकडून ॲम्पकडे गाणं नेणारी वायर) बाहेरच्या जाळीतून वाट काढतो, आणि ॲम्प ती लहर इमानेइतबारे मोठी करून ऐकवतो.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये हेच झालं होतं. मी आधी महागडी आरसीए वायर आणली. शिट्टी जिथल्या तिथे. शेवटी डिकीतलं कार्पेट उचललं, तर फिटरने अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) सरळ रंगावरच स्क्रूने आवळलेला. बोटाने फिरत होता! पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, नवा लग वायरवर दाबून (क्रिंप करून) नट-बोल्टने घट्ट बसवला, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. अर्थची वायर उगाच गुंडाळून ठेवली होती, ती कापून दीड फुटाची केली. (सोयीचा म्हणून सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. तो तुमच्या जिवासाठी आहे.) शिट्टी जवळजवळ गेली. उरलेली गेली ती आरसीए वायर पॉवर केबलपासून सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्यावर.

तुमच्याकडे दोष कुठे आहे हे शोधायला फारसा खर्च नाही. सिस्टिम बंद करून ॲम्पमधून आरसीएच्या पिना काढा, मग इंजिन चालू करून रेस द्या. शिट्टी तरीही येत असेल तर ॲम्पचा अर्थ आणि पॉवर वायर बघा. गेली, तर ती पुढून येतेय. आता फोन थेट ॲम्पला जोडून गाणं लावा, पण फोन चार्जिंगला नको, कारण गाडीतला चार्जरही असाच आवाज घुसवतो. आवाज स्वच्छ आला की ॲम्प सुटला. मग दुसरी आरसीए वायर सीटवरून मोकळी टाकून स्टिरिओ जोडून बघा. त्यानेही शिट्टी राहिली तर एका वायरच्या तुकड्याने आरसीए पिनेचं बाहेरचं कडं स्टिरिओच्या धातूच्या बॉडीला टेकवा. लगेच गप्प झाली, तर स्टिरिओच्या आत आरसीएच्या अर्थचा बारीक फ्यूज उडालाय. सिस्टिम चालू असताना पिना काढ-घाल केली की असं होतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी बंद करा.

इंजिन बंद असतानाही सतत 'स्सस्स' येत असेल तर ते वेगळं दुखणं. ॲम्पवरचा गेन (आत येणारा सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारा नॉब) कमी करा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, पण फिटर लोक हमखास तो शेवटपर्यंत फिरवून देतात.

एवढं करूनही शिट्टी हटेना आणि हेडलाइट लावले की वाढते, असं असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. आधी इंजिन बंद असताना मोजून घ्या, कारण काही स्वस्त मीटर बॅटरीच्या डीसीलाच एसी समजून भलता आकडा दाखवतात. मीटर धड असेल आणि आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. मग ऑडिओवाल्याकडे खेटे घालू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.