इंग्लंडमधल्या सॉल्टेअरच्या जुन्या कामगारघराच्या दरजा सिमेंटने भरू का?

प्रश्न: सॉल्टेअरला ओळीतलं जुनं दगडी घर घेतलंय. भिंतीला आतून ओल येते. बिल्डर म्हणतो, दरजा सिमेंटने भरू. भरू का? खिडक्या प्लास्टिकच्या केल्या तर चालतील का?

उत्तर: अजिबात भरू नका. 'सिमेंट मजबूत, म्हणून चांगलं' यावर बिल्डरांशी माझं जुनं भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही.

गिरणीमालक टायटस सॉल्टने १८५१ला हे गाव बांधायला घेतलं, तेव्हा ब्रॅडफर्डमधली कामगारांची कितीतरी घरं पाठीला पाठ लावलेली होती. तीन बाजूंना शेजारी, वारा एकाच बाजूने. लॉकवूड आणि मॉसन या वास्तुकारांनी इथं घरं पुढून-मागून मोकळी ठेवली. मागे अंगण, त्यात संडास आणि कोळशाची जागा. ओळीतल्या मधल्या घराला उघड्या भिंती त्या दोनच, त्यामुळे त्या वाळत्या राहायलाच हव्यात. दगड वालुकाश्म, दरजा चुन्याच्या. ओल चुन्यातून बाहेर पडते. दरज सिमेंटने बंद केली की ती दगडातून वाट काढते. तोंडाशी लोणा (क्षार) साचतो, थंडीत पाणी गोठतं आणि पापुद्रे सुटतात. मग दरज पुढे उभी आणि दगड आत गेलेला! चुना पुन्हा भरता येतो, दगड कुठून आणणार?

जुनी दरज बारीक छिन्नीने, हातानेच काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल काढा, पण किमान २५ मिमी. धूळ झाडून भिंत भिजवा. हायड्रॉलिक चुना (पाण्याने घट्ट होणारा) एक भाग, जाड-बारीक मिसळीची, टोकदार कणांची वाळू तीन भाग. या चुन्याच्या ताकदीच्या प्रती असतात: झिजलेल्या मऊ दगडाला एनएचएल २, कणखर असेल तर ३.५. दाबून भरा, जरा आवळला की ताठ ब्रशने ठोका आणि काही दिवस ओलं गोणपाट टांगा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नका.

त्याआधी पन्हळ बघा. ओळीत शेजारच्याची पन्हळ तुंबली तरी पाणी तुमच्या भिंतीत मुरतं. अंगणातलं काँक्रीट आतल्या फरशीच्या वर आलंय का, तेही पाहा. ओलीचं मूळ तिथे असेल तर नुसत्या दरजा भरून काही साधणार नाही.

खिडक्यांचं म्हणाल तर ही घरं ग्रेड २ची, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेली आहेत. परवानगीशिवाय हात लावू नका आणि प्लास्टिकला ती मिळेल ही आशाही नको.

जुनं सिमेंट काढताना दगडच फुटत असेल, तर मात्र तेवढं तसंच राहू द्या.