कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारगाडीला तीनच चाकं का होती?
स्टीअरिंगमुळे. चार चाकांच्या गाडीत वळताना पुढचं आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, आणि घोडागाडीसारखा अख्खा पुढचा आस फिरवणं बेंझला पटत नव्हतं, म्हणून १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या गाडीत त्याने पुढे एकच चाक ठेवलं. मागच्या बाजूचं काम मात्र खरंच भारी आहे, ९५४ सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, ताकद जेमतेम पाऊण हॉर्सपॉवर, तरी डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आहे आणि मागच्या दोन्ही चाकांना वेगळी चेन. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक, तर आडवं झोपवलंय, उभं फिरलं तर गाडी वळवायला त्रास होईल ही भीती होती त्याला. फक्त एक लक्षात घ्या, दोन चाकं वेगवेगळ्या कोनात वळवायची युक्ती घोडागाड्यांसाठी १८१८ मध्येच पेटंट झाली होती, बेंझने तसं स्टीअरिंग १८९३ मध्ये आणलं.