तालुक्याच्या गावासाठी अँब्युलन्स: कोणती गाडी घ्यावी आणि आत काय बसवावं?

मंडळाकडे देणगी जमली आहे, जिल्हा रुग्णालय 80 किलोमीटरवर, मध्ये घाट, आणि 'कार्डिअ‍ॅक' (व्हेंटिलेटर बसवलेली) घ्यावी की साधी, हा तुमचा प्रश्न. माझं मत: व्हेंटिलेटरवाली गाडी घेऊ नका. ते चालवणारा डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणूस चोवीस तास पगारावर ठेवता येत नसेल तर यंत्र पडून राहतं, त्याची बॅटरी मरते आणि नेमक्या वेळी ते सुरूच होत नाही. त्याच पैशात ऑक्सिजन, सक्शन (तोंड-घशातला स्राव ओढून काढणारं यंत्र) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) चांगल्या प्रतीचं येतं.

अँब्युलन्ससाठीच्या एआयएस-125 या भारतीय मानकात ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. तुम्हाला सी, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट हवा. कोटेशन मागतानाच तसं लिहा. मोकळी व्हॅन घेऊन आतलं काम गॅरेजमध्ये करून घेतलं तर आरटीओत नोंदणी अडू शकते.

मारुती ईको स्वस्त आहे, पण आत छप्पर इतकं खाली की सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) देता येत नाही. ती डायलिसिसच्या पेशंटची ने-आण करायला ठीक. टाटा विंगरची फ्लोअर खाली असल्याने स्ट्रेचर चढवणं सोपं, मात्र ती पुढच्या चाकांवर चालते. भरलेल्या गाडीचं वजन चढावर मागे सरकतं आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं फिरत राहतात. तुमच्या घाटासाठी मी मागच्या चाकांवर चालणारी फोर्स ट्रॅव्हलर निवडेन.

ऑक्सिजनचा हिशेब नीट करा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बी म्हणजे छोट्या सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर गॅस असतो. मास्कने मिनिटाला 10 लिटर दिला तर तो 150 मिनिटांत संपतो. घाटातून 80 किलोमीटर जायला अडीच तास लागले तर राखीव काहीच उरत नाही. डी म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर मावतात. असे दोन बसवा, एक संपला की दुसऱ्यावर वळवायची सोय ठेवा, आणि स्ट्रेचरसोबत न्यायला एक बी. बी सिलिंडरच्या रेग्युलेटरचा वॉशर झिजला की गॅस गळतो. दोन जादा वॉशर आणि पाना साखळीने तिथेच बांधून ठेवा. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

भरलेला डी सिलिंडर 60-70 किलोचा असतो. युरोपच्या ईएन 1789 या अँब्युलन्सच्या मानकात पकड 10 जी (वस्तूच्या वजनाच्या दहापट जोर) सोसणारी लागते, म्हणजे धडकेत हाच सिलिंडर 600-700 किलोचा जोर लावतो. त्यामुळे ब्रॅकेट प्लायवूडला स्क्रूने नाही, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने हवं. स्ट्रेचरच्या लॉकचंही तेच. पेशंटच्या डोक्याशी बसणाऱ्याला सीटबेल्ट हवाच, आणि सक्शन त्याच्या हाताच्या अंतरावर.

उपकरणांसाठी वेगळी बॅटरी घ्या आणि मध्ये आयसोलेटर (दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा भाग) लावा, नाहीतर रात्रभर दिवा राहिला की गाडी स्टार्टच होणार नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा. गाडी उभी असताना बाहेरून 230 व्होल्ट जोडायचा सॉकेटही मागून घ्या.

बाकी सामान: मोठ्यांची, मुलांची आणि तान्ह्यांची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी), हाताने चालणारं सक्शन, स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत उघडून पेशंटखाली सरकवायचं), पट्ट्यांसकट स्पाइन बोर्ड (पाठीचा कणा न हलवता न्यायची फळी), मानेचे पट्टे, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, डिलिव्हरी किट, ब्लँकेट, अग्निशामक. फ्लोअरचं व्हिनाइल भिंतीवर चार बोटं वर चढवलेलं असावं. नाहीतर रक्त कडेने खाली प्लायमध्ये मुरतं आणि धुतलं तरी वास जात नाही.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एका धडधाकट माणसाला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधून गाडी घाटात चढवा आणि उतरवा. खडखडणारी प्रत्येक वस्तू लिहून काढा आणि डीलरकडूनच घट्ट करून घ्या.