लेथच्या क्रॉस स्लाइडचे (हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागाचे) हँडल उलट फिरवताना पाव फेरा रिकामा जातो. स्क्रू आणि नट दोन्ही बदलावेत का?

दोन्ही लगेच बदलू नयेत. आधी हँडलमागच्या कॉलरमधील (स्क्रूला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या कड्यातील) ढिलाई काढावी आणि मगच नटकडे वळावे, कारण रिकाम्या फेऱ्याचा काही भाग पुष्कळदा तिथेच दडलेला असतो. डायल गेजचे (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक हँडलच्या मधोमध टेकवून हँडल न फिरवता आत-बाहेर ओढावे. काटा जेवढा हलेल तेवढी ढिलाई कॉलरची असते, आणि ती लॉकनट आवळून किंवा पातळ वॉशर घालून निघते. ४ मिमी पिचच्या (एका फेऱ्यात ४ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर पाव फेरा म्हणजे १ मिमी, तेव्हा उरलेली ढिलाई नटमध्ये निघण्याचीच शक्यता अधिक. नट दोन भागांचा असेल तर मधली पाचर वर ओढणारा स्क्रू थोडा आवळावा. एकसंध असेल तर गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) नवा नट करून घ्यावा. मात्र या स्क्रूचे आटे बहुतेक लेथवर डावे (नेहमीच्या उलट दिशेचे) असतात, हे टर्नरला सांगायला विसरू नये.

एक मर्यादा लक्षात ठेवावी: स्क्रू मधल्या भागात अधिक झिजतो, त्यामुळे तिथे घट्ट केलेला नट दोन्ही टोकांना अडकतो, आणि तसे झाले तर स्क्रूही बदलावाच लागतो. ढिलाई शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र नसावा; हत्यार थोडे जास्त मागे घेऊन नेहमी एकाच दिशेने मापावर आणले, तर साध्या टर्निंगमध्ये थोड्याफार ढिलाईने माप बिघडत नाही.